कोणापेक्षा वेगळं?

इंग्रजीतलं एक साधं वाक्य मराठीत आणताना मी बराच वेळ अडून बसले होते. 'दे रेड डिफरंट बुक्स.' शाळकरी मुलालाही कळेल असं वाक्य. पण त्याचे अर्थ दोन होतात. त्या दोघींपैकी एकीने एक पुस्तक वाचलं आणि दुसरीने दुसरं, हा एक अर्थ. आधी ज्या पुस्तकांची गोष्ट चालली होती ती बाजूला ठेवून दोघींनी भलतीच पुस्तकं वाचली, हा दुसरा. इंग्रजी वाचक मागचापुढचा मजकूर बघून यातला एक अर्थ घेतो, आणि लिहिणाऱ्याला काहीच ठरवावं लागत नाही. मराठीत तशी सोय नाही. 'त्यांनी वेगवेगळी पुस्तकं वाचली' असं तरी म्हणा, नाहीतर 'त्यांनी वेगळी पुस्तकं वाचली' असं. दोन्ही एकदम म्हणता येत नाही.

एवढ्याशा द्विरुक्तीने केवढं काम केलं आहे! 'वेगवेगळे' म्हटलं की सगळे एकमेकांपासून सारख्याच अंतरावर उभे राहतात. बागेत वेगवेगळी फुलं आहेत, वर्गात वेगवेगळ्या गावची मुलं आहेत, ताटात वेगवेगळ्या चवी आहेत. यात मूळ कोण आणि बाजूला सरकलेला कोण, हा प्रश्नच उठत नाही. पण 'वर्गात एक वेगळा मुलगा आहे' असं म्हणताच वर्ग एका बाजूला जातो आणि मुलगा दुसऱ्या. आता कुठेतरी एक मधोमध ठरलेली जागा आहे आणि तो मुलगा तिथे नाही. 'निरनिराळे' आणि 'निराळा' यांचंही तसंच.

इंग्रजीतला 'डिफरंट' हे दोन्ही भार एकट्याने वाहतो, आणि आपण गेली दीडदोनशे वर्षं इंग्रजीतून विचार मराठीत आणत आलो आहोत. त्या ओढीत आपलाच एक बारीक विवेक हातून निसटतो आहे, असं मला वाटतं. म्हणून हा शब्द थोडा उलगडून बघावा म्हणते.

शब्द लॅटिनमधला. 'डिस' म्हणजे अलग, 'फेर्रे' म्हणजे वाहून नेणं. दोन गोष्टी एकमेकींपासून लांब वाहून नेल्या की त्यांच्यात 'डिफरन्स' येतो. या 'फेर्रे'चं आणि संस्कृतातल्या 'भृ' धातूचं मूळ एकच. आपला भार, भारा, भरणं त्याच घरातले. पुढे ढकलणं या अर्थाचा इंग्रजीतला 'डिफर'ही त्याच लॅटिन क्रियापदातून आला. फ्रेंचमध्ये आजही दोन्ही अर्थांना एकच क्रियापद आहे, आणि तत्त्वज्ञ जाक देरिदाने 1960च्या दशकात त्यावर आपल्या विचाराची अख्खी इमारत उभी केली. त्या इमारतीत आज शिरायला नको. मला मुद्दा हवा आहे तो वाहून नेण्याचा. वाहून नेणं ही क्रिया आहे आणि तिला कोणीतरी कर्ता लागतो. दोन गोष्टी आपण होऊन लांब जात नाहीत.

'डिफरंट'नंतर कोणतं अव्यय यावं यावरून इंग्रज वैयाकरणांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. 'फ्रॉम' तेवढं शुद्ध, 'टू' अशुद्ध, 'दॅन' अमेरिकनांचं, असं शाळेत शिकवलं जायचं. हेन्री फाउलरने 1926 साली आपल्या भाषाकोशात 'फ्रॉम'च्या या हट्टाला अंधश्रद्धा ठरवलं, तरी वाद मिटला नाही. मला यातली शुद्धाशुद्धता महत्त्वाची वाटत नाही. वाद अव्ययाचा होता, म्हणजे पुढे काहीतरी यायलाच हवं हे दोन्ही बाजूंना मान्य होतं, हे महत्त्वाचं. आज इंग्रजीत ते अव्ययच गळून पडलं आहे. 'शी इज डिफरंट.' पूर्णविराम. एखादी नवी भाजी समोर आली आणि आवडली नाही तर इंग्रज पाहुणा सभ्यपणे 'इट्स डिफरंट' म्हणून थांबतो. 1997 साली अ‍ॅपलने 'थिंक डिफरंट' अशी जाहिरात केली तेव्हाही कोणापासून, हे सांगितलं नव्हतं. तिथे तो शब्द स्तुतीचा होता, भाजीच्या बाबतीत नापसंतीचा. मोजपट्टी झाकली की एकच शब्द हार घालायलाही चालतो आणि दार लावायलाही.

मराठीत 'वेगळा'च्या आधी 'हून' येतो किंवा 'पेक्षा' येतो. त्याहून वेगळा, त्याच्यापेक्षा वेगळा. 'हून' ही पंचमी, म्हणजे तिथपासून लांब जाणं. 'पेक्षा'ची गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. हा शब्द संस्कृत 'अपेक्षा'वरून आला. अपेक्षा म्हणजे मुळात एखाद्या गोष्टीकडे बघणं, तिचा आधार धरणं. हिंदीत 'की अपेक्षा' म्हणतात तेव्हा तो जुना अर्थ अजून दिसतो. आपण पहिला 'अ' गाळला आणि त्याचं शब्दयोगी अव्यय करून टाकलं. तेव्हा 'ती इतरांपेक्षा वेगळी आहे' या वाक्याच्या पोटात एक जोडवाक्य दडलेलं आहे: इतरांकडे बघून, त्यांच्यावरून काही अपेक्षा धरून मग हिच्याकडे पाहिलं, तर ही वेगळी दिसते. अपेक्षा आधी, वेगळेपण मागाहून. अपेक्षा बघणाऱ्याची असते. जिच्याबद्दल बोलणं चाललं आहे तिचा त्या अपेक्षेत काही वाटा नसतो.

न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्र्यांनी, म्हणजे नैयायिकांनी, हे फार काटेकोरपणे मांडलं होतं. त्यांच्या मते भेद म्हणजे अन्योन्याभाव, घट हा पट नव्हे, असा. आणि अभाव म्हटला की त्याला प्रतियोगी हवाच. ज्याचा अभाव सांगायचा तो प्रतियोगी, आणि तो माहीत असल्याशिवाय अभावाचं ज्ञान होत नाही. 'इथे नाही' एवढंच म्हणून भागत नाही, काय नाही ते सांगावं लागतं. तसंच 'भिन्न आहे' म्हणून भागत नाही. कशापासून भिन्न, ते सांगेपर्यंत वाक्य लंगडंच राहतं. ॲरिस्टॉटलने 'मेटॅफिजिक्स'च्या दहाव्या पुस्तकात दुसऱ्या बाजूने हेच सांगितलं आहे. नुसतं दुसरं असणं वेगळं आणि भिन्न असणं वेगळं, असं तो म्हणतो. कोणत्याही दोन वस्तू घ्या, त्या एकमेकींहून दुसऱ्या असतातच. पण भिन्न असायला त्यांच्यात काहीतरी समान लागतं, आणि त्या समान गोष्टीच्या बाबतीतच त्या भिन्न असतात. नारळ आणि गुरुवार यांत फरक काय, असं कोणी विचारत नाही. नारळ आणि सुपारी यांत विचारतो. ज्याला आपण वेगळा म्हणतो त्याला आपल्याच जातकुळीतला मानल्याशिवाय तो शब्द उच्चारताच येत नाही, असा याचा अर्थ. वेगळेपणाच्या तळाशी नातं असतं.

मराठीने या एका इंग्रजी शब्दासाठी किती घरं बांधली आहेत ते पाहावं. महागाई भत्ता वाढला की मागच्या महिन्यांची थकलेली रक्कम मिळते, तो 'फरक'. कचेरीत फरकाचं बिल निघतं. औषध लागू पडलं की 'थोडा फरक आहे' म्हणतात, आणि तिथे फरक म्हणजे बरं वाटणं. अरबीतून आलेला हा शब्द इतका स्वच्छ आहे की त्यात उच्चनीच काही नाही. 'तफावत'ही अरबीतलाच, पण जरा संशयी. हिशेबात तफावत आली की कोणाच्या तरी पोटात गोळा येतो. 'अंतर' हा शब्द दोन गावांमधलं मोजतो आणि दोन माणसांमधलंही, आणि मनालाही आपण अंतरच म्हणतो. 'मला अंतर देऊ नकोस' या विनवणीत दुरावा आणि काळीज एकाच शब्दात येतात, हे मला आजवर दुसऱ्या भाषेत आढळलेलं नाही.

आणि मग 'भेद'. हा भिद् धातूतून आलेला, म्हणजे फोडणं, चिरणं. भिन्न म्हणजे फुटलेलं. हिंदीत अपूर्णांकालाच भिन्न म्हणतात, त्यामागे हाच अर्थ. साम, दाम, दंड यांच्या जोडीला भेद येतो तो शत्रूची फळी फोडायला येतो. जातिभेद, वर्णभेद, लिंगभेद हे सगळे याच हत्याराने केलेले चिरे. मराठी माणसाने जातिफरक असा शब्द केला नाही, जातिभेद केला. भाषेने इथे नेमकं सत्य सांगितलं आहे: जातींमध्ये फरक आढळून येत नाही, त्यांच्यात भेद पाडला जातो. फरक असतो आणि पडतो, भेद कोणीतरी करतो.

'वेगळा' या शब्दापाशी मात्र मराठीची स्वतःची अडचण सुरू होते, आणि ती इंग्रजीच्या अडचणीच्या नेमकी उलट आहे. इंग्रजीत 'डिफरंट' आणि 'सेपरेट' हे दोन शब्द आहेत. आपण दोन्हींना 'वेगळा' म्हणतो. भाऊ वेगळे झाले म्हणजे त्यांचे स्वभाव बदलले असं नव्हे, त्यांची चूल वेगळी झाली. वेगळं असणं आणि अलग ठेवलं जाणं हे एकाच शब्दात नांदतं. त्यामुळे मराठीत कोणाला वेगळं म्हणताना त्याला वेगळं ठेवण्याची वाट एका पावलावर असते.

माझ्या आजोळी मागच्या पडवीत एक कोनाडा होता. त्यात एक कपबशी पालथी घातलेली असे. शेतावर कामाला येणारा एक म्हातारा त्यातून चहा प्यायचा, स्वतः विसळायचा आणि परत तिथेच पालथी घालायचा. सातआठ वर्षांची असताना मी आजीला विचारलं, "आजी, हा कप वेगळा का?" ती म्हणाली, "तो वेगळाच असतो, बाळ." पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की तो घरातल्याच निळ्या काठाच्या संचातला होता. कान तुटला म्हणून मागे गेलेला. कपात वेगळं काहीही नव्हतं. कोनाड्यात ठेवला म्हणून तो वेगळा झाला, आणि मग वेगळा आहे म्हणून कोनाड्यात राहिला. आजी प्रेमळ होती. त्या म्हाताऱ्याच्या आजारपणात तिने भाकरी पाठवल्या आहेत. पण तिच्या वाक्यात 'पेक्षा' नव्हता, आणि तो नसल्यामुळे त्या वाक्याला प्रश्न विचारता येत नव्हता. महिन्यातले चार दिवस माझी मामी त्याच पडवीत 'वेगळी' बसायची. तिथेही तोच शब्द आणि तोच पूर्णविराम.

महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक पाणी प्यायले. त्याआधी 1923 साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचं कागदावर लिहूनही दिलं होतं. कागदावर वेगळेपण संपलं होतं. तळ्याच्या पायऱ्यांवर नव्हतं. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला 1937 उजाडलं. पाणी एकच, तहान एकच. फरक म्हणून दाखवता येईल अशी कोणतीही गोष्ट त्या तळ्याकाठी नव्हती. होता तो भेद, आणि तो टिकवण्यासाठी दहा वर्षं कोर्टात लढण्याची तयारी.

'सेपरेट' हा निराळा शब्द हाताशी असूनही अमेरिकेला त्यातून सुटता आलं नाही, हेही सांगायला हवं. 1896 साली प्लेसी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेचे डबे गोऱ्यांना वेगळे आणि काळ्यांना वेगळे ठेवायला मान्यता दिली, सोयी समान असल्या की झालं या युक्तिवादावर. तो मोडायला 1954 पर्यंत, ब्राउन खटल्यापर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा भाषेत दोन शब्द असले म्हणजे माणसं आपोआप शहाणी होतात असं माझं म्हणणं नाही. पण निदान तिथल्या वकिलांना एक प्रश्न सरळ विचारता आला: डिफरंट आहेत म्हणून सेपरेट केलं, की सेपरेट केलं म्हणून डिफरंट दिसतात? मराठीत हा प्रश्न विचारायला दर वेळी दोन वाक्यं खर्चावी लागतात.

हा उलटा फेरा न्यायालयातही कसा घुसतो याचं आपल्या देशातलं एक उदाहरण मला कधी विसरता येत नाही. एअर इंडियातल्या हवाई सुंदरींनी, म्हणजे विमानातल्या महिला कर्मचाऱ्यांनी, आपल्या नोकरीच्या अटींविरुद्ध दाद मागितली होती. वयाच्या 35व्या वर्षी निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी संपली, पहिल्या गरोदरपणात नोकरी संपली, अशा त्या अटी. वय वाढवून द्यायचं की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर. त्याच विमानात त्याच प्रवाशांची सेवा करणारे पुरुष 58व्या वर्षापर्यंत कामावर राहत. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि ती रद्द करताना कडक शब्द वापरले. संचालकाच्या मर्जीचा भागही काढून टाकला. पण मूळ तक्रार, म्हणजे स्त्रियांना आणि पुरुषांना असमान वागवलं जातं ही, मान्य झाली नाही. कारण? हे दोन वेगळे वर्ग आहेत. भरतीची रीत वेगळी, बढतीची शिडी वेगळी, निवृत्तीच्या अटी वेगळ्या. या सगळ्या गोष्टी ज्या नियमांनी वेगळ्या केल्या होत्या, त्याच नियमांविरुद्ध तर त्या स्त्रिया उभ्या होत्या. त्यांना आधी वेगळं ठेवलं गेलं आणि मग ते ठेवणंच त्यांच्या वेगळेपणाचा पुरावा ठरलं. निळ्या काठाच्या कपाची गोष्ट याहून वेगळी नाही.

आता कोणी म्हणेल की मग फरक बघूच नये. सगळ्यांना सारखं धरावं, नावच काढू नये. 'आम्ही भेदभाव मानत नाही' असं म्हणणारी माणसं मला रोज भेटतात आणि त्यातली बरीचशी मनापासून बोलत असतात. पण हे वाक्य बहुधा तीच व्यक्ती बोलते जिला आयुष्यात कधी 'वेगळी' म्हणून थांबवलेलं नसतं. मुंबईत किंवा पुण्यात भाड्याने घर शोधताना जिला पहिल्या फोनवर आडनाव विचारतात आणि दुसऱ्या फोनवर घर गेल्याचं कळतं, तिला हे वाक्य म्हणता येत नाही. फरक दिसत नाही असं म्हणण्याने मोजपट्टी मोडत नाही, ती फक्त झाकली जाते.

संविधान लिहिणाऱ्यांनी हा पेच ओळखला होता. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करू नये असं पंधरावा अनुच्छेद सांगतो, आणि त्याच अनुच्छेदात स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायला मोकळीक आहे. मागास वर्गांसाठीचं पोटकलम 1951च्या पहिल्या घटनादुरुस्तीने त्याला जोडलं गेलं. वरवर पाहता हा अंतर्विरोध वाटतो. 1952 साली अन्वर अली सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी वापरली तिच्यातून बघितलं तर तो राहत नाही. वर्गवारी करायची तर तिचा आधार काय आहे ते समजेल असं दाखवा, आणि त्या आधाराचा कायद्याच्या उद्देशाशी काय संबंध आहे तेही दाखवा. म्हणजे कशाच्या बाबतीत वेगळे आणि कशासाठी वेगळे, ते आधी सांगा. वाक्यातून गळलेला 'पेक्षा' परत जागेवर आणून बसवा. दुर्दैव असं की ही कसोटीही ज्याच्या हातात असते त्याच्या अपेक्षा घेऊनच वापरली जाते, आणि हवाई सुंदरींच्या निकालात तेच झालं.

साहित्याच्या प्रांतात मी वाढले, म्हणून तिथलं थोडं बोलते. प्राग शहरातल्या भाषाशास्त्रज्ञांनी, विशेषतः त्रुबेत्स्कोय आणि याकोबसन यांनी, 1930च्या आसपास एक निरीक्षण मांडलं. भाषेतल्या अनेक जोड्यांमध्ये एक बाजू बिनखुणेची असते आणि दुसरीवर खूण केलेली असते. लेखक बिनखुणेचा, लेखिका खुणेची. लेखकांचं संमेलन म्हटलं की त्यात लेखिका येतात, लेखिकांच्या संमेलनात लेखक येत नाहीत. तसंच साहित्य बिनखुणेचं. दलित साहित्य, ग्रामीण साहित्य, स्त्रीसाहित्य हे खुणेचं. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह 1963चा, दया पवारांचं 'बलुतं' 1978चं. ही पुस्तकं आली तेव्हा चांगल्या मनाच्या समीक्षकांनीही त्यांचं कौतुक याच शब्दाने केलं: वेगळं अनुभवविश्व, वेगळी भाषा. कौतुक खरं होतं. पण कोणापेक्षा वेगळं? ज्या वस्तीत ते आयुष्य रोज जगलं जात होतं तिथल्या वाचकाला त्यात पहिल्यांदा आपलं घर दिसलं. त्याच्या दृष्टीने वेगळी होती ती दिवाणखान्यातली, चहाच्या पेल्यावर प्रेम जमवणारी कादंबरी, जी तोवर नुसती 'मराठी कादंबरी' म्हणून ओळखली जात होती. त्याने मात्र त्या कादंबरीला ब्राह्मणी साहित्य किंवा शहरी साहित्य असं नाव देताच गदारोळ झाला. खूण करायचा अधिकार आपल्याकडे आहे आणि खूण करून घेण्याची पाळी दुसऱ्यावर, ही सवय इतकी जुनी आहे की ती उलटली की अपमान वाटतो.

बोलींचंही असंच. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्याला शहरात सांगतात, तुमची मराठी जरा वेगळी आहे. मग पुण्याची मराठीही मालवणीहून तितकीच वेगळी आहे, हे भूमितीचं साधं सत्य कोणाच्या ध्यानात येत नाही. अंतर दोन्हीकडून सारखंच असतं. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने सांगितलं की भाषेत मुळात भेदच असतात, त्यांच्या पलीकडे ध्वनीला स्वतःची किंमत नाही. काल आणि काळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ. ल आणि ळ यांच्यातला फरक आहे म्हणून हे शब्द आहेत. पण ळ हा बिघडलेला ल नव्हे. दोघे एकमेकांपासून वेगळे आहेत आणि दोघांनाही एकमेकांची गरज आहे. 'वेगवेगळे' या शब्दाचा पुरा अर्थ मला या दोन अक्षरांत दिसतो. ज्यांच्या कानाला हा फरक ऐकूच येत नाही ते 'सारखंच तर आहे' म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यातून वेळ निघून जाते, वेल उरते.

अपंगत्वाच्या बाबतीत गेल्या चाळीसेक वर्षांत शब्द भराभर बदलले. इंग्रजीत 'डिफरंटली एबल्ड' आलं, आपल्याकडे 'विशेष', मग 'दिव्यांग'. हेतू चांगले असतील. पण या शब्दांतला 'डिफरंट' पुन्हा एकटाच उभा आहे. मार्था मिनो या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी 1990 साली 'मेकिंग ऑल द डिफरन्स' या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं: वेगळेपण हा त्या माणसाचा गुण नाही, तो तुलनेचा परिणाम आहे, आणि तुलनेची पट्टी ज्याच्या मापाने केली त्याला ती दिसत नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस जिन्यापाशी वेगळा असतो. उतरता रॅम्प असला की त्या दारापाशी तो फक्त आत येणारा माणूस असतो. जिना कोणीतरी बांधलेला असतो हे आपण विसरतो, कारण आपले पाय त्यावर सहज पडतात. शब्द बदलणं स्वस्त असतं, जिना बदलायला सिमेंट लागतं.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. सतराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या काही कुटुंबांबरोबर तिथे आनुवंशिक बहिरेपण आलं आणि आपसातल्या लग्नांमुळे पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत साधारण 5,700 माणसांमागे एक जन्मतः बहिरा असायचा. या बेटावर 155 माणसांमागे एक होता, आणि चिलमार्क या गावात 25 माणसांमागे एक. तिथे बहिऱ्यांसाठी कोणी संस्था काढली नाही. सगळं गावच खुणांची भाषा बोलू लागलं. ऐकू येणारी माणसंही ती लहानपणीच, बोलण्याबरोबरच शिकत. मासेमारीच्या होड्या एकमेकींपासून लांब असल्या की ऐकणारे कोळी खुणांनीच बोलत. चर्चमध्ये प्रवचन चाललेलं असताना मागच्या बाकांवर खुणांच्या गप्पा चालत. बहिरी माणसं लग्नं करत, शेती करत, कर्ज काढत, गावच्या सभेत मत देत.

पुढे मुलं शिकायला हार्टफर्डच्या मूकबधिर शाळेत जाऊ लागली, तिकडेच त्यांची लग्नं जुळू लागली, बेटावर बाहेरची माणसं येऊन राहिली. आनुवंशिक बहिरेपण असलेली शेवटची रहिवासी 1952 साली वारली. त्यानंतर नोरा एलन ग्रोस ही मानववंशशास्त्राची अभ्यासक त्या बेटावर गेली आणि उरलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलली. तिचं पुस्तक 1985 साली आलं. एका वृद्ध बाईला तिने गावातल्या दोन पुरुषांबद्दल विचारलं, त्या दोघांत सारखं असं काय होतं म्हणून. बाईंना त्यांची मासेमारी आठवली. दोघंही फार तरबेज कोळी होते, असं त्यांनी मोठ्या आदराने सांगितलं. ग्रोसने पुन्हा विचारलं, पण ते दोघं बहिरे नव्हते का? बाई थोडा वेळ विचारात पडल्या. मग आठवून आठवून म्हणाल्या की हो, आता म्हणतेस तर, दोघंही बहिरे होते खरे.